काकांच्या नावाचं पायपुसणं

थोरल्या काकांच्या नावावर माझी आई मरेपर्यंत पाय पुसत होती. मला तिचा अभिमान आहे.

आज आईला जाऊन वर्ष झालं.
फॅमिली ग्रुपवर सकाळपासून हात जोडलेले इमोजी पडतायत. "फार प्रेमळ होत्या." "सगळ्यांना धरून होत्या."

ए, बस करा! तुम्हीच तिला पन्नीवाली म्हणायचात ना?

हो, जमवायची ती पन्न्या. घरात आलेली एकही कॅरीबॅग फेकायची नाही. धुवायची, दोरीवर वाळवायची, घडी घालून गादीखाली ठेवायची. त्यात मिरचीची रोपं लावायची, माझ्या पुस्तकांना कव्हरं घालायची, जालन्यात मस्तगडच्या आमच्या खोलीचा पत्रा गळला की भोकात कोंबायची.

मी शाळेत असताना बाबा गेले. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांच्या थोरल्या भावानं, म्हणजे काकांनी, नवीन जालन्यात कापडाचं मोठं दुकान काढलं.

उद्घाटनाच्या पूजेची सगळी तयारी आईनं केली. पहाटे उठून.
नारळ फोडायच्या वेळी काका चारचौघांत म्हणाले, "सुमन, तू जरा मागं गोडाऊनमधी बस. शुभ काम चालू हाय."

आई कापडाच्या गठ्ठ्यावर जाऊन बसली. मी तिच्याजवळ. बाहेरच्या टाळ्या ऐकू येत होत्या.

निघताना काकांनी मागच्या दारानं तिच्या हातात एक साडी दिली. दुकानाच्या कोऱ्या कॅरीबॅगमध्ये. बॅगेवर ठळक लाल अक्षरांत काकांचं नाव.

आईनं साडी देऊन टाकली. बॅग ठेवली.

मग गल्लीत कुणी त्या दुकानातून काही आणलं की आई हजर.
"पन्नी फेकू नका बरं, मला लागती."

मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. वाटायचं, काय ही हिची काटकसर!
कसली काटकसर? बाई सामान जमवून राह्यली होती.

एका दिवाळीत पायपुसणं तयार झालं. पन्न्यांचे थर एकावर एक, त्याला गोधडीसारखे टाके, भोवती पट्ट्यांची वेणी. मधोमध काकांचं नाव. एकही अक्षर टाक्याखाली लपू दिलं नव्हतं.

मी म्हणाले, "आई, काका बघतील ना!"
"मंग? बघावं म्हणून तर केलं."

अख्खी गल्ली त्यावर पाय पुसून आमच्या घरात यायची.

काही वर्षांनी काकू वारल्या. मग चुलतभावाचं लग्न ठरलं आणि पत्रिका घेऊन काका स्वतः आले. बाहेर चिखल होता. त्यांनी चपला काढल्या, खाली पाहिलं आणि दारातच थबकले.

"सुमन, हे काय?"
"पायपुसणं हाय, भाऊजी. पुसा ना बिनधास्त. लई मजबूत हाय."

काका ते ओलांडून आत यायला निघाले.
"आत्ताच फरशी पुसली," आई म्हणाली. "चिखलाचे पाय घेऊन न्हाई यायचं."

पुसले हो! स्वतःच्या नावावर पुसले! तेव्हा मला जो आनंद झाला तो मी आजही लपवणार नाही.

आईनं चहा दिला, पत्रिका घेतली आणि शांतपणे विचारलं,
"भाऊजी, आता जाऊबाई न्हाईत. मंग लेकाच्या लग्नात तुमी कुठं बसणार? म्होरं का गोडाऊनमधी?"

काका अर्धा चहा टाकून उठले.

लग्नात ते फेटा बांधून स्टेजवर बसले होते. विधुर माणूस पुढं कसा, असं एकानंही विचारलं नाही.

काका, तुम्ही ही पोस्ट वाचणार, मला माहीत आहे. आज संध्याकाळी कार्यक्रमाला येतो म्हणालात. या. जेवून जा.

पण आईच्या फोटोला पहिलं फूल आमच्या गल्लीतल्या विधवा बाया वाहतील. पुढच्या ओळीत त्याच बसतील. एकेकीचा हात धरून मी बसवणार आहे.

तुमची खुर्ची मागं टाकली आहे.

आई, तू कदाचित माफ केलं असशील. मी केलेलं नाही.
तुझ्या लेकीची, रागासकट श्रद्धांजली.