जिन्याखालची मोटारसायकल

परळच्या आमच्या चाळीत मोटारसायकल असलेला मी एकटाच. जुनी, दोन मालकांनी वापरून टाकलेली, सकाळी दहा किका खाल्ल्याशिवाय सुरू न होणारी, पण माझी. सरकारी कचेरीतला कारकून आणि मोटारसायकल, हे लोकांना पचत नसे. खरं तर मलाही पचत नसे, म्हणून ती चोरीला जाण्याची धास्ती मी जरा जास्तच घेतली होती.

संध्याकाळी तिला जिन्याखाली ढकलायचो, मागच्या चाकातून साखळी ओवून खांबाला बांधायचो, कुलूप लावायचो आणि इंजिनाचा प्लग काढून बायकोच्या शिवणाच्या डब्यात ठेवायचो. प्लग नसला की गाडी सुरूच होत नाही, ही युक्ती शेजारच्या मित्राची. तो गिरणीत फिटर, माझा लहानपणापासूनचा दोस्त. कुलपाची दुसरी किल्ली त्याच्याकडेच असे. चाळीत प्रत्येकाची एक किल्ली शेजारी असायची. न देणं म्हणजे शेजाऱ्याला तोंडावर चोर म्हणण्यासारखं.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. गोळीबार झाल्यापासून चाळीतलं कुणी पोलीस चौकीची पायरी चढत नव्हतं. मीही गॅलरीत सगळ्यांबरोबर घसा बसेपर्यंत घोषणा द्यायचो. रस्त्यावर दगडफेक चालू, म्हणून गाडी घरी ठेवून कचेरीत चालत जायचो. एका संध्याकाळी परतलो तर जिन्याखाली नुसती साखळी. कुलूप फोडलेलं नव्हतं, उघडलेलं होतं. ते डोळ्यांना दिसलं, पण डोक्यात शिरलं नाही.

तीन दिवस मित्र माझ्याबरोबर गाडी शोधत हिंडला. लालबाग, प्रभादेवी, दादर, एक गॅरेज सोडलं नाही. माझ्या टाचांना फोड आले तेव्हा घरून तेल आणून त्यानेच लावलं.

चौथ्या दिवशी मी कोट चढवला. म्हटलं, चाळ काय म्हणायचं ते म्हणो, तक्रार नोंदवतोच. तो जिन्यात आडवा आला.

"चौकीवर नको जाऊस रे. गाडी आपल्याच माणसांकडे आहे. पत्रकं पोचवायला लागते."

"किल्ली तू दिलीस?"

"दुसरा प्लगही मीच आणून बसवला."

"मग मला का नाही विचारलंस?"

"तू सरकारी नोकर. लोक म्हणाले, याच्या कानावर नको, साहेबापर्यंत जाईल."

मी वर पाहिलं. गॅलरीत निम्मी चाळ उभी होती आणि एकाच्याही तोंडावर आश्चर्य नव्हतं. म्हणजे तीन दिवस माझी वणवण हे सगळे मजेत बघत होते! अंगाचा तिळपापड झाला. रडूही आलं, सांगायला लाज कसली.

"आणि तुला काय वाटलं? मी चहाडी करीन?"

"छे! तू हसत दिली असतीस, मला माहीत होतं."

"मग सांगितलंस का तसं त्यांना?"

तो कठडा नखाने खरवडत राहिला. "मीटिंगीत सगळे एका बाजूला होते रे," एवढंच म्हणाला.

आठवड्याने गाडी परत आली, धुऊन-पुसून, ब्रेक दुरुस्त करून. पुढे मी ती कित्येक वर्षं चालवली. चाळीवरचा रागही हळूहळू गेला. त्यांनी मला ओळखलं नव्हतं. मित्राने ओळखलं होतं आणि तरी तो गप्प बसला. ते मी त्याला अजून माफ केलेलं नाही.