मातीतून निघालेली देवी

खरं सांगतो, त्या वर्षी मी देवीला शिव्या दिल्या. भूकंपात बायको आणि सून एकाच भिंतीखाली गेल्या. दगडमाती उपसताना हाताला आधी लागला तो देव्हाऱ्यातला देवीचा चांदीचा टाक. साधा ओरखडा नव्हता त्याला. मी म्हटलं, तू तेवढी वाचलीस होय! फडक्यात गुंडाळला आणि पत्र्याच्या शेडात खुंटीला अडकवला. पूजा बंद.

चार वर्षांची नात, सुमी, माझ्याजवळ राहिली. लेक ट्रकवर, महिना महिना घरी नसायचा. पोर तेव्हापासून बोलतच नव्हती. आय माहेरी गेलीय, असं मीच तिला सांगितलं होतं. लहान लेकराला मेलेलं सांगत नाहीत आमच्यात. ती रोज एसटीच्या रस्त्याकडं तोंड करून बसायची. अंगारा झाला, गंडा झाला. पोर मुकीच.

मग भूकंपातल्या लेकरांसाठी म्हणून हदगावकडची एक मुसलमान बाई शेडात येऊ लागली. सगळे तिला आपा म्हणायचे. लेकरांत मातीत बसायची, एवढंच तिचं काम. ह्याला काय काम म्हणायचं, असं वाटायचं मला.

एक दिवस बघतो तर सुमीनं फडक्यातला टाक काढलेला. मातीचं घर करायची, टाक आत ठेवायची, घर पाडायची, टाक उकरून काढायची. पुन्हा तेच. शेजारची गंगूबाई म्हणाली, "म्हाताऱ्या, नात देवी गाडून राहिली तुझी! अजून काय बुडायचं ऱ्हायलंय?" मी हात उगारला. आपा मधी आली.

"मारू नका, बाबा. ती गाडत न्हाई, काढून राहिली. तुम्ही बी बसा जवळ."

"पारोशा हातानं देवी?"

"देवीला मातीचा राग असता, तर मातीत तुमच्या हाताला लागली असती का? अन् पोरीला खरं सांगा. लई वाट बघून राहिली ती."

बसलो. किती दिवस बसलो, ध्यानात नाही. खरं काही तोंडातून निघेना. एकदा सुमीनं लई मोठं घर केलं, पाडलं, आणि टाक सापडेना. उकरून उकरून रडकुंडीला आली आणि माझा हात ओढून म्हणाली, "आबा, काढ की!"

मी दोन्ही हातांनी उकरू लागलो, त्या दिवशी उकरलं होतं तसं. टाक लागला. सुमीनं तो छातीशी धरला आणि विचारलं, "आय बी निघंल?"



"न्हाई गं बाई," मी म्हणालो. "आयला मीच काढली. पण ती मेली होती. आजी बी."

पोर ओरडून रडली. मीही रडलो, तोवर रडलो नव्हतो. संध्याकाळी तिनं तोंडानं भाकरी मागितली.

आपा पुढं दुसऱ्या गावाला गेली. तिचं नीट नावही विचारलं नाही मी. सुमीची आता लातुरात अंगणवाडी आहे, थोरल्या पोरांच्या क्लाससाठी आलेली बिऱ्हाडं राहतात त्या गल्लीत. धाकट्या लेकरांत मातीत बसते.

टाक माझ्याजवळ आहे. दर नवरात्रात कौसल्या, माझी बायको, तो चिंचेनं घासून लख्ख करायची. मी घासत नाही. देवीच्या डोळ्यांत बारीक माती बसलीय, असू दे. मागितलं ते तिनं दिलं नाही, आणि जे दिलं ते मागायची मला अक्कल नव्हती. आता मागत नाही, नुसता हात जोडतो. बाजारात चिंच दिसली की मूठभर घेतो मात्र. घरी आणून ठेवतो.