आपट्याच्या पानासोबत दिलेली सीडी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. साजगावच्या एका कारखान्यात एका माणसासमोर मी खोटं बोललो आणि त्याचं काम गेलं. तो खरं बोलतोय हे त्या खोलीत दोघांनाच ठाऊक होतं, त्याला आणि मला.

मी प्रोग्राम लिहितो. तेव्हा शिळफाट्याला माझं लहानसं ऑफिस होतं. हजेरी, पाळ्या, कामाचे तास मोजणारे कोडचे तयार तुकडे मी एकत्र बांधले होते. आमच्यात त्याला लायब्ररी म्हणतात. दुसऱ्या प्रोग्रामरने ती आपल्या प्रोग्रामला जोडली की ते सगळं त्याला पुन्हा लिहावं लागत नाही. नेटवर ती फुकट ठेवली होती. पण इथले कारखाने हजेरीच्या कॉम्प्युटरला नेट देत नसत, म्हणून सीडीही काढल्या. "फुकट वाटतो, देवमाणूस हाय," असं लोक बोलायचे. मला ते आवडायचं. आता आठवलं की तोंड कडू होतं.

त्या वर्षी खंडेनवमीला सीडींचा खोका कीबोर्डशेजारी ठेवून पूजा केली. हळदकुंकू, झेंडू, सगळं. दसऱ्याला आपट्याच्या पानासोबत सीडीही सोनं म्हणून द्यायची, असं सांगून ओळखीच्या प्रोग्रामरना बोलावलं होतं. आणि दसऱ्याच्याच सकाळी चूक सापडली. महिन्याच्या शेवटच्या रात्री कामाला लागून एक तारखेला सकाळी सुटणारा माणूस लायब्ररीला दिसतच नव्हता. त्याची ती रात्र गैरहजर.

दुपारपर्यंत दुरुस्ती करून नेटवर नवी आवृत्ती चढवली. खाली लिहिलं, 'किरकोळ दुरुस्ती'. खोक्यातल्या सीडी जुन्याच होत्या. पूजा झालेला खोका बाजूला सारून आलेल्यांच्या हातात नुसतं पान कसं ठेवायचं, याचीच मला लाज वाटली. संध्याकाळी हसत हसत वाटल्या. कुणाला काही बोललो नाही, नंतर परत मागवल्याही नाहीत.

डिसेंबर लागला आणि साजगावहून सुपरवायझरचा फोन आला. दसऱ्याला माझ्याकडून सीडी नेलेला त्यांचा प्रोग्रामर गावाला गेला होता. हजेरीवरून एक माणूस ऐकत नाही, जरा येऊन बघा म्हणाला.

माणूस डोंगराकडच्या वाडीतला, चपला दाराबाहेर काढून उभा. रात्रपाळीला बॉयलरची राख ओढायचं त्याचं काम. त्या पाळीला ठेकेदाराचा माणूस तो एकटाच. न सांगता दोनदा गैरहजर राहिला की काढून टाकायचं, असा ठेकेदाराचा नियम होता.

"मी आलेलो साहेब. दोनी टायमाला आलेलो."

"मशीनचं नि तुझं काय वाकडं हाय काय रं?" सुपरवायझर म्हणाला. "घरी झोपून सपनात आला असशील."

"मग राख कुनी वढली?"

"भुतानं वढली."

टेबलाशी बसलेला क्लार्क हसला. मीही थोडा हसलो. ते हसू मला अजून माझ्या तोंडावर जाणवतं, पुसलं तरी न जाणारं तेल लागावं तसं.

कॉम्प्युटरशेजारी माझीच सीडी होती, पाकिटावर वाळलेल्या कुंकवाचं बोट. दोन्ही गैरहजेऱ्या महिन्याच्या शेवटच्या रात्रीच्या होत्या. आणखी काही बघायची गरजच नव्हती. पाकिटामागे मीच छापलं होतं, 'वापरणाऱ्याच्या जबाबदारीवर. कोणतीही हमी नाही.' ते वाचलं आणि मला चक्क धीर आला. त्या धीराचीच सगळ्यात जास्त किळस येते.

"मशीन बरोबर दाखवतंय," मी म्हणालो.

तो दाराकडे वळला. मग वाकून चपला उचलल्या आणि हातात घेऊनच गेला. सुपरवायझरने चहा मागवला, मी तो प्यायलो. निघण्याआधी पेनड्राइव्हवरची नवी आवृत्ती गुपचूप चढवली. पुढे कुणाचं असं होऊ नये म्हणून, असं तेव्हा मनाला सांगितलं. खरं तर माग पुसत होतो. वर सुपरवायझर म्हणाला, "तुमच्यासारखी मान्सं नाय ऱ्हायली, साहेब."

तो माणूस बायकापोरांना घेऊन वीटभट्टीवर गेला, असं मागाहून कळलं. वाडीतले लोक पावसाळ्यात परततात हे मला माहीत आहे. कर्जतला जाताना वाडीचा फाटा लागतो, तिथे मी गाडी हळू करतो आणि पुढे जातो. लायब्ररी अजून नेटवर आहे. अनोळखी लोक आभार मानतात, ते मी न वाचता पुसतो. ती दुरुस्तीही तिथे 'किरकोळ' म्हणूनच आहे.

त्या माणसाचं मी देणं लागतो. त्याच्या दारात जाऊन, त्याच्या घरच्यांसमोर, मला सांगायचं आहे की दोन्ही रात्री तो कामावर होता आणि ते मला माहीत होतं. अजून सांगितलेलं नाही.