झाकली मूठ

पिस्तूल खात्याच्या लोखंडी कपाटात कुलपाआड असायचं. घरी यायची ती फक्त त्याची लाकडी मूठ, एक स्क्रू काढून वेगळी केलेली, रुमालात गुंडाळून पर्समध्ये डब्याशेजारी ठेवलेली. खात्याच्या वसाहतीतले लोक गमतीने म्हणायचे, बाकीचे घरी काम आणतात, ताई कामाचा दांडा आणते.

तिला सगळे ताईच म्हणत. घरी धाकट्या भावाची ती ताई होतीच. त्याची बायको आली तीही ताईच म्हणू लागली. मग खात्यातले साहेब, तिच्याहून वयाने मोठा शिपाई, शेवटी आईसुद्धा. खरं नाव पगाराच्या चिठ्ठीवर आणि स्पर्धेच्या निकालात तेवढं उरलं होतं.

नोकरी तिला पिस्तुलानेच दिली होती. कॉलेजात असताना तिने हवेच्या पिस्तुलाची एक मोठी स्पर्धा मारली आणि वाहतूक खात्याने तिला खेळाडू म्हणून उचललं. वडील नुकतेच गेले होते. वसाहतीत तीन खोल्यांचं क्वार्टर मिळालं, ते संघात असेपर्यंत. 'असेपर्यंत' या शब्दाकडे तेव्हा कुणी पाहिलंच नाही. ऐन विशीतली पोरगी, हात असा की बघणाऱ्याने श्वास रोखावा. ती कशाला संघातून जातेय?

आता ती चाळिशी ओलांडून गेली होती. अर्धा दिवस पासविभागात टेबलावर, अर्धा दिवस सरावाला, असं करता करता सगळं घर त्या एका हाताला येऊन लटकलं होतं. आईचे गुडघे गेलेले. भावाचं फ्रिज दुरुस्तीचं दुकान वसाहतीच्या फाटकाला चिकटून, गिऱ्हाईकही सगळं वसाहतीतलंच. भाचीची शाळा भिंतीपलीकडे. लग्नाचं कधी विचारलं गेलं, कधी राहिलं, आणि पुढे विचारणारेच थकले.

त्या वर्षी तिच्या उजव्या अंगठ्याचा सांधा सुजला. डॉक्टरांनी हाताला विश्रांती द्या म्हणून सांगितलं, आणि ताईला, खरं सांगायचं तर, बरं वाटलं. खात्याच्या एका लांबच्या डेपोत नोंदणीची जागा रिकामी होती. ती एकदा तपासणीला तिकडे गेली होती. डेपोमागे तळं होतं, आणि कर्मचाऱ्याला राहायला एकच खोली. खिडकीत टेबल, दोरीवर एकाच माणसाचे कपडे. ती खोली तिच्या डोक्यातून जाईना. संघ सोडायचा, बदली मागायची. तिने मनाशी ठरवलं होतं. घरी सांगायचं तेवढं राहिलं होतं, आणि तेच तर जड होतं.

तोवर वार्षिक स्पर्धा तोंडावर आली. पहिल्या पाचांत येईल तो संघात राहील, हा नियम. आणि मूठ तर झिजून गुळगुळीत झालेली.

अशी मूठ तयार चपलेसारखी आणून वापरता येत नाही. ती हातावर बेतून घ्यावी लागते. बोटांच्या खाचा, तळहाताखालचा फुगवटा, करंगळीखाली टेकूची फळी. हात आत गेला की त्याला बसायला एकच जागा उरली पाहिजे. मग पाट्याला टाकी लावावी तशी लाकडाला टाकी लावायची, म्हणजे टोकदार खिळ्याने ठोकून दाट टिंबं उठवायची, घामेजला हात सरकू नये म्हणून. ताईच्या मुठीवरची टिंबं इतक्या वर्षांत पुसून गेली होती. हात सरके, म्हणून ती जोरात आवळे. आवळली की अंगठा ठणके, आणि छर्रा डावीकडे जाई.

एका सुट्टीच्या दुपारी तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. जुनी मूठ घासून घेतली, तिच्यावर लांबी, सुतार लाकडाच्या फटी बुजवतात ती लुकणासारखी, थापली, वर पातळ प्लॅस्टिक ठेवलं आणि हात जसा पिस्तुलावर बसतो तसा आत दाबून धरला. लांबी घट्ट होईपर्यंत आता हलायचं नव्हतं. जरा बोट हललं की सगळी मेहनत पाण्यात.

भावजय समोर भाजी निवडत बसली होती. बराच वेळ ती देठंच मोडत राहिली. मग म्हणाली, "ताई, एक बोलू का? रागावणार नाही ना?"

"बोल की. मी कुठे जातेय?"

भावजय हसली, आणि मग एकेक सांगत गेली. तिला पुन्हा दिवस गेले होते. दुकान आता कुठे रुळावर येत होतं. वसाहत सोडली तर गिऱ्हाईक सुटणार, पोरीची शाळा सुटणार, आणि सासूबाईंना जिने चढवणार कोण? तिच्या नवऱ्याला हे विचारायची लाज वाटत होती, म्हणून तीच विचारत होती.

"तुम्ही अजून चार-पाच वर्षं संघात राहाल ना? तेवढ्यात आमचं काहीतरी होईलच."

ताईला उठून खिडकीशी जावंसं वाटलं. निदान तोंड तरी फिरवावं. पण हात लांबीत रुतलेला, आणि लांबी अर्धवट ओली. समोर ती बाई पोटावर हात ठेवून उत्तराची वाट बघत बसलेली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

"राहीन," ताई म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

भावजयीने तिच्यासाठी चहा टाकला, आणि हात गुंतलेला म्हणून कप स्वतःच तिच्या ओठांशी धरला.

लांबी वाळली. दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर ताईने खिळा आणि हातोडी घेऊन टिंबं ठोकली, बारीक, एकमेकांना खेटून. हात असा बसला की तिचं तिलाच नवल वाटलं. काम तिथे संपलं होतं. पण तिने डबा पुन्हा उघडला आणि बाहेरच्या बाजूने, जिथे गरज नव्हती तिथे, लांबीचा आणखी एक थर चढवला.

जाड मुठीने अंगठ्याला आराम पडेल, असं तिने स्वतःला सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण स्पर्धेआधी प्रत्येक पिस्तूल एका ठरलेल्या मापाच्या पेटीत ठेवून बघतात. झाकण लागलं नाही तर बाद. हेही तिला पाठ होतं. मुद्दाम वाईट नेम धरणं तिला जमलंच नसतं. सरावात एकदा करून पाहिलं होतं, हात आपोआप मध्यावर यायचा. पेटीने बाद केलं तर मात्र कुणाला बोल लावता येणार नव्हता, तिलाही नाही.

आई भिंतीला धरून स्वयंपाकघरात आली. तिने मूठ हातात घेऊन फिरवून बघितली.

"जाड झाली गं."

"अंगठ्याला बरं पडतं."

आईने तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "झाकली मूठ सव्वा लाखाची," असं काहीसं पुटपुटली आणि पाणी पिऊन परत गेली.

स्पर्धेच्या सकाळी तपासणीच्या टेबलावर एक जुने नेमबाज होते. एके काळी ते ताईच्या शेजारच्या लेनवर उभे राहायचे. नजर अधू झाल्यावर तपासनीस झाले. त्यांनी पिस्तूल पेटीत ठेवलं, झाकण दाबलं, उचललं, पुन्हा दाबलं.

"ताई, झाकण लागत नाही."

"दिसतंय."

त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. मागे रांगेत कुणी नव्हतं. आवाज उतरवून ते म्हणाले, "मापात तू चुकशील हे मला पटत नाही. काय ते तुझं तुला माहीत. बाद लिहू, की कानस देऊ? वेळ आहे अजून. तू म्हणशील तसं."

ताईने सगळं मनात घोळवलं होतं: झाकण न लागणं, घरी जाणं, चेहरा पाडून सांगणं. पण कुणी विचारेल, हे काही तिच्या हिशेबात नव्हतं. नियमाने आपल्याला बाहेर ढकलावं एवढंच तिला हवं होतं. कुणी दार उघडून धरल्यावर आपल्या पायांनी बाहेर पडायचं, म्हणजे आणखी काहीतरी वेगळं लागतं. ती दाराकडे बघत उभी राहिली. डोळ्यांपुढे तळं येईना. भावजयीने ओठांशी धरलेला कप येत राहिला.

"कानस द्या," ती म्हणाली.

कोपऱ्यातल्या बाकावर बसून तिने स्वतःच चढवलेला थर स्वतःच्या हाताने घासून काढला. पांढरी भुकटी पँटवर पडत होती. अंगठा ठणकत होता. तपासनीस दुसरीकडे बघत बसले. शेवटी बारीकसा 'टक' आवाज होऊन झाकण लागलं, आणि तिने पँटवरची भुकटी झटकली.

त्या दिवशी ती इतकी छान खेळली की विचारू नका. हात मुठीत गेला आणि तिथलाच होऊन बसला. आवळावं लागलं नाही, सरकला नाही. छर्ऱ्यामागून छर्रा काळ्या वर्तुळाच्या मध्यावर जात होता, आणि ती दुसऱ्याच कुणाचा खेळ बघावा तशी बघत होती. शेवटी यादीत तिचं नाव दुसरं लागलं. साहेबांनी पाठ थोपटली. म्हणाले, तुम्ही आहात तोवर संघाला चिंता नाही.

घरी सगळे आनंदात होते. भाऊ मिठाईचा पुडा घेऊन आला, भावजयीचे डोळे भरून आले. जेवणं झाल्यावर, ताटं तशीच असताना, ताई म्हणाली, "मला आता संघ सोडायचाय. हात दुखतो म्हणून नाही. मला लांबच्या डेपोत एकटीने राहायचंय."

भावजय ताटं गोळा करू लागली. आई म्हणाली, "ती काय म्हणतेय ते ऐक रे." भावाने मान खाली घातली आणि ताटातलं शेवटचं शीत बोटाने टिपलं.

"बघू, ताई," तो हळूच म्हणाला. "बाळ तेवढं होऊ दे."

तो वाईट नव्हता. तेच तर अवघड होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताई कामावरून आली तेव्हा तो स्वयंपाकघरात ओणवा होऊन काहीतरी आवळत होता. टेबलाच्या कडेला त्याने दुकानातला छोटा शिकंजा पक्का बसवला होता. जबड्यांना लाकूड खराब होऊ नये म्हणून रबराचे तुकडे चिकटवले होते.

"मांडीवर धरून घासतेस, म्हणून अंगठा दुखतो," तो म्हणाला. "आता हा धरेल. तू फक्त ठोकायचं."

तो उत्तराची वाट बघत उभा होता, लहानपणी बघायचा तसा. डेपोतली जागा महिनाअखेर भरली जाणार होती, हे तिला माहीत होतं. तिने पर्समधून मूठ काढली, रुमाल सोडला. घासलेली बाजू उघडी, गुळगुळीत पडली होती. तिथली टिंबंही कानशीखाली गेली होती, पुन्हा टाकी लावणं भाग होतं. तिने मूठ शिकंज्यात धरली आणि दांडी फिरवली.

"घट्ट बसली का?" भावाने विचारलं.

"बसली," ताई म्हणाली, आणि हातोडी मागितली.