सांजची धार, सकाळची धार

गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर ज्यांनी बाळासोच्या म्हशीचं दूध उभ्यानं प्यायलंय, त्यांना दुधातलं कुणी काही शिकवू नये. दिवेलागणीला म्हशी रस्त्याच्या कडेला उभ्या राहायच्या. बाळासो गुडघ्यांत चरवी धरून बसायचा, समोर तालमीतली पोरं, नव्या लग्नाची लाजरी जोडपी. पेल्यात दुधापेक्षा फेस जास्त, आणि पिऊन झालं की वरच्या ओठावर पांढरी मिशी. पाणी घातलंय का, हे विचारायची सोयच नव्हती. समोर सडातून उतरलेलं दूध, त्याला आणखी दाखला कशाचा?

तरी बाळासोचं खरं नाव झालं ते म्हैस पारखण्यात. पेठेत कुणाला म्हैस घ्यायची असली, की बाळासो आणि त्याचा जिवलग चमन, जनावरांचा दलाल, दोघं मुरगूडच्या बाजाराला निघायचे. विकणारे लबाड. एका वेळची धार काढायचीच नाही, म्हणजे कास तटतटून फुगते आणि भोळं गिऱ्हाईक ती बघूनच भुलतं. बाळासो नुसती कास बघून कधी फसला नाही. सरळ मुक्काम ठोकायचा. म्हणायचा, "सांजची धार आपल्या हातानं, सकाळची बी आपल्या हातानं. मग किमतीचं बोल." तोवर दोघं भाकरी-ठेचा खात मालकाच्या गोठ्यात ठाण मांडून बसायचे. काय दिवस होते!

आता पेठेत गोठेच उरले नाहीत. कट्ट्यावर बाळासोची एकच म्हैस जाते, कपाळावर पांढरा ठिपका असलेली चांदी. तीही गेली तर कट्ट्यावरची जागा गेली, आणि जागा गेली की बाळासो नुसता दारातला म्हातारा. हे तो बोलत नाही, पण त्याची बायको शालूबाई ओळखून आहे.

यंदा शेजारच्या वस्तीत जनावरांत लाळ-खुरकताची साथ आली. जनावरांचे डॉक्टर लशीची गाडी घेऊन एका सकाळी पेठेत यायचे होते. आदल्या दिवशी दुपारी मुलगा सम्राट, कागलच्या पंचतारांकित वसाहतीत कारखान्यात नोकरीला, त्यानं फोनवर व्हिडिओ धाडला. लस टोचलेली म्हैस, सुकलेली कास आणि छाती बडवणारा मालक. "आप्पा, चांदीला लस देऊ नका," वर हेही.

झालं! बाळासोनं तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघितला.

"न्हाय द्यायची लस. म्हस आटती."

"अवं, डॉक्टर काय येडा हाय?" शालूबाई म्हणाली.

"डॉक्टर नुसतं सांगतोय. ह्ये मी डोळ्यानं बघितलंय की!"

आयुष्यभर 'डोळ्यानं बघा आणि प्या' म्हणणारा माणूस, फोनमध्ये दिसलं तेही त्याला कट्ट्यावरचंच वाटलं. शालूबाईनं वाद घातला नाही. तिनं चमनला बोलावणं धाडलं.

चमन काठी टेकत आला, चहा घेतला, व्हिडिओ बघितला आणि खो खो हसला.

"बाळ्या, लेका, कास बघून म्हस घेतलीस व्हय रं आज?"

"म्हंजे?"

"तटतटलेली कास बघून भुलत न्हवतास. मग सुकलेली बघून कसा भुललास? त्यानं आदूगर धार काढून घेतली नसंल कशावरनं? म्हस म्हातारी नसंल कशावरनं? मालक कोण, गाव कुठलं?"

बाळासोनं फोन उचलून सम्राटला लावला.

"ही म्हस कुठल्या गावची रं?"

"ग्रुपवर आलंय, आप्पा."

"ग्रुप कुठल्या तालुक्यात येतंय?"

"तसं नसतं हो! मलकापूरकडचं म्हणतात."

"कोण म्हणतंय? त्येचं नाव सांग, जातो मी. सांजची धार काढतो, सकाळची बी काढतो."

सम्राटनं चौकशी केली. ज्यानं धाडलं त्याला दुसऱ्यानं धाडलेलं, त्याला तिसऱ्यानं. म्हशीला मालकच सापडेना. "बेवारस म्हशीपायी माझी चांदी घालवायला निघालतो व्हय मी!" म्हणून बाळासोनं कपाळावर हात मारला. सकाळी गाडी आली तेव्हा चांदीचं दावं त्यानंच धरलं. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं, एखाददुसरा दिवस दूध कमी येईल, घाबरू नका.

त्याच दिवशी सांजेला चरवी अर्धीच भरली. बाळासोचा चेहरा उतरला.

"बघ, आटली! व्हिडिओवाला खरं बोलत हुता!"

"सांजची एकच धार काढून बोलाय लागलासा?" शालूबाई कडाडली. "सकाळची काढा, परवाची काढा. आख्ख्या पेठेला शिकवलंत, आता सोताला लागू करा की!"

बाळासोनं उठून चांदीपुढं वैरण टाकली. सकाळी कमीच. दुसऱ्या सांजेला जराशी वाढ. मग एका संध्याकाळी कट्ट्यावर चांदीनं असा पान्हा सोडला, की चरवीतून फेस बाहेर आला. पहिला पेला चमनला. त्याच्या पांढऱ्या मिशीवर दुधाची मिशी चढली.

बाळासोनं तिथनंच सम्राटला फोन लावला.

"तुझ्या ग्रुपला म्हणावं, कट्ट्यावर या. पर नुसतं बघून जायचं न्हाय. मुक्कामाला या."

"आणि येताना भाकरी आणा म्हणावं," चमन ओठ पुसत ओरडला, "ठेचा शालूवैनी देतील!"