काट्यावरचे बैल आणि माझा ड्रायव्हर

सिंदी रेल्वे गावातल्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, वजनकाट्यावर कापसाची बैलबंडी उभी होती आणि ऑफिसातली तिन्ही टर्मिनलं बंद पडल्यासारखी गप्प होती. पावतीचं एक अडकलं असतं तर समजू शकलो असतो. आतल्या खोलीत हजेरी भरणारे बाबूसुद्धा हात बांधून बसले होते. तिन्ही टर्मिनलं ज्याला जोडली होती ती मशीन, म्हणजे कॉम्प्युटर, मी पुन्हा सुरू केली. पुढची बंडी आली, पुन्हा तेच. फाटकाबाहेर रांग वाढत होती.

ही ऐंशीच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. मी पुण्याच्या एका कंपनीत प्रोबेशनवर होतो. गिरडजवळच्या खेड्यातला, घरातला पहिला पदवीधर. इलेक्ट्रॉनिक काटा कॉम्प्युटरला जोडायचं काम आलं तेव्हा साहेब म्हणाले, तू तिकडचाच आहेस, तूच जा. मला तो सन्मान वाटला.

ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा म्हणजे कर्नल. त्यात बसून बाहेरच्या एखाद्या यंत्राशी बोलणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. साधा प्रोग्राम अडकला तर एकटा अडकतो. त्या मशीनवर ड्रायव्हर अडकला की सगळंच थांबायचं.

माझा ड्रायव्हर काट्याला एकच प्रश्न विचारायचा, वजन स्थिर झालं का? आणि ‘हो’ येईपर्यंत थांबायचा. पुण्यात आम्ही लोखंडी वजनं ठेवून तपासलं होतं. लोखंड लगेच स्थिर होतं. बैल होत नाही. माशी बसली की कातडी थरथरते, शेपूट फिरते, मान हलते. आकडा नाचत राहायचा, काटा ‘नाही’ म्हणायचा आणि ड्रायव्हर वाट पाहायचा.

मापारी गुलाबराव जुन्या काट्यावर म्हातारे झालेले. ते सकाळपासून बघत होते.

“बाबू, तुह्या घरी बैल नाईत का?”

“आहेत काका. दोन जोड्या.”

“मंग काऊन इसरला?”

तेवढ्यात मॅनेजर येऊन सांगून गेले, की दुपारच्या चहापर्यंत चाललं नाही तर ते जुना काटा उघडणार आणि तुमची ही कॉम्प्युटरची पेटी संध्याकाळच्या गाडीनं परत. पेटीसोबत मीही जाणार होतो, आणि बहुधा नोकरीही.

घाईत मला आठवलं, की गळ्याखाली खाजवलं की बैल गप उभा राहतो. मी काट्यावर चढलो आणि खाजवू लागलो. दुसरा बैलही सोबत्याकडे पाहून शांत झाला. आकडा थांबला. टर्मिनलं जागी झाली, पावती टरटरत बाहेर आली. मी अभिमानानं मागे पाहिलं.

गुलाबरावांनी पावती वाचली. “अन् तुह्यं वजन कोन काढन?”

बंडीवाला म्हणाला, “राहू द्या ना भाऊ. खाजवू द्या त्याले.”

रांग हसली. पावती रद्द झाली.

मग मी काट्याचं मॅन्युअल उघडलं, जे आधी उघडायला हवं होतं. यंत्राला त्याच्या प्रॉपर्टी विचारता येतात. तुझ्यात कोणकोणत्या सोयी आहेत? त्यातल्या चालू कोणत्या? पुण्यातला आमचा नमुना लहान मॉडेलचा होता. हाही तसाच असणार असं धरून मी काहीच विचारलं नव्हतं. आता विचारलं. उत्तर आलं, नाचणाऱ्या आकड्यांची सरासरी काढायची सोय आहे, बंद आहे. मॅन्युअलमध्ये त्याखाली लिहिलं होतं, हलणाऱ्या जनावरांसाठी.

मी ड्रायव्हर बदलला. सुरू होताच विचारायचं, सरासरी आहे का? असेल तर चालू कर. नसेल तर ठरावीक वेळ थांब, एरर दे आणि बाकीच्यांना काम करू दे. तो घालून नवा कर्नल तयार होईपर्यंत बाबूंनी दोनदा पान खाल्लं. मॅनेजरांचा चहा आला तेव्हा बंडी काट्यावर चढत होती. बैलानं शेपूट फिरवली, मान झटकली, आणि दहा सेकंदांत पावती आली. मॅनेजरांनी ती उलटसुलट पाहिली आणि पुढची बंडी घ्यायला सांगितलं.

गुलाबरावांची मात्र एक शंका उरली होती.

“भरली बंडी मोजली. मंग बैलानं शेन टाकलं. मंग रिकामी मोजली. ते शेन तुही मशीन कापसात धरते का?”

मी मनातल्या मनात भरल्या वजनातून रिकामं वजा केलं. “धरते काका.”

“मंग बराबर हाये. माहा काटाबी धरे.”

पुण्यात परतल्यावर तपासणीच्या यादीत लोखंडी वजनांखाली मी एक ओळ वाढवली. बैल, दोन, जुंपलेले. साहेबांनी ती खोडली नाही. समोर पेन्सिलीनं लिहिलं, आणायचे कुठून? माझी नोकरी पक्की झाली. तेव्हापासून कुठलाही ड्रायव्हर लिहिताना मी यंत्राला आधी त्याच्याबद्दल विचारतो. बैलांबद्दल मात्र त्याला विचारून उपयोग नसतो, ते आपल्यालाच आठवावे लागतात.