फोटोतलं चौथं माणूस

तिघांचा फोटो काढला की मधलं माणूस जातं, असं आमच्या आईचं ठाम मत. लहानपणी तिने दोन बहिणींबरोबर फोटो काढला आणि मधली टायफॉइडने गेली, त्यामुळे तिच्याशी वाद घालायची सोय नव्हती. आणि आम्ही घरात मोजून तिघं. लालबागच्या चाळीत चौथा शोधावा लागत नसे, उलट सहावा-सातवा हाकलावा लागे. मीरा रोडला सिल्व्हर पार्कमध्ये राहायला आलो आणि पंचाईत झाली. आमच्या एका फॅमिली फोटोत केबलवाला आहे. दुसऱ्यात शेजारच्या गुजराती काकी, लाटण्यासकट.

नव्वदच्या दशकात मामाने दुबईहून पुठ्ठ्याचा कॅमेरा आणला. सत्तावीस फोटो काढायचे, स्टुडिओवाला तो फोडून रोल काढणार, कॅमेरा कचऱ्यात. ‘कचऱ्यात’ ऐकून बाबांना घामच फुटला. मला मात्र तो डबा जाम आवडला. बाबांचा खरा कॅमेरा कपाटात फडक्यात गुंडाळलेला असे, हात लावला की प्रवचन. याला फोकस नाही, बिकस नाही. चाक फिरवायचं, कर्र, आणि दाबायचं. पडला तर पडला. बाराव्या वर्षी मी घरची फोटोग्राफर झाले.

घोडबंदरच्या किल्ल्यावर गेलो त्या रविवारी मी सव्वीस फोटो उडवले. बकरी, आईची तुटकी चप्पल, जांभई देणारे बाबा. एक उरला. तो मला फक्त आमचा हवा होता. आयुष्यात एकदा तरी केबलवाल्याशिवाय.

“रोल संपला,” मी बिनधास्त थाप मारली. आई-बाबा निवांत कठड्यावर टेकले. खाडीकडून पाटी घेऊन एक कोळीण वर येत होती. मी तिच्या हातात कॅमेरा कोंबला.

“मना न्हाय येत गो पोरी.”

“नुसतं दाबायचं, मावशी.” मी पळत जाऊन दोघांच्या मध्ये घुसले.

“रिकामा डबा बघतेय बिचारी,” आई हसत म्हणाली. तेवढ्यात मावशीने दाबलं.

तीन दिवसांनी मला सणसणीत ताप चढला आणि तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, की मधली मी होते. असलं काही नसतं, हे मला माहीत होतं, पण एकशे तीन तापात ते काही केल्या आठवेना.

त्याच दुपारी बाबा फोटो घेऊन आले, फोडलेला पुठ्ठाही मागून घेऊन. आई माझ्या उशाशी बसून एकेक फोटो बघू लागली. शेवटच्या फोटोवर तिचा हात थांबला. तिघं खळखळून हसतोय, मध्ये मी. आई पांढरीफटक पडली.

“मी मरणार का गं?” मी भोकाडच पसरलं.

तिने फोटो डोळ्यांजवळ नेला. डाव्या कोपऱ्यात लेन्ससमोर आलेलं एक जाड, धूसर बोट होतं.

“तिघं कुठे आहेत? ही बघ चौथी.”

“अगं, ते बोट आहे,” बाबा म्हणाले.

“अंगठी घातलेय की. बोट काय एकटंच फिरायला येतं किल्ल्यावर? अख्खी बाई आहे त्याच्यामागे. चौघं झाली!”

बाबा आणखी काही बोलणार होते, पण आईने असं बघितलं की ते गुपचूप चहा ठेवायला गेले. तिचा आवाज ठणठणीत होता, फोटो मात्र तिने पालथा ठेवला. माझ्यासाठी इतकं धडधडीत खोटं पुन्हा कुणी बोललं नाही.

संध्याकाळी तिने मीठ-मोहऱ्यांनी माझी दृष्ट काढली. मग फोटोचीही काढली, बोटासकट.